तैमूर (तिमूर, तेमुर, तेमिर): नावाचा अर्थ, इतिहास आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैमूर या नावाचा अर्थ काय?

लोखंड. बाळांच्या नावांच्या बऱ्याच याद्यांमध्ये 'शूर', 'राजा', 'बलवान' असलं काहीतरी लिहिलेलं असतं, ते नंतर चिकटवलेलं आहे, मूळ अर्थ सरळ साधा धातूचा आहे.

शब्द तुर्की भाषाकुळातला आहे. आपण मराठीत 'तुर्की' म्हटलं की लगेच इस्तंबूल आठवतं, पण हे कुळ खूप पसरलेलं आहे, उझबेक, कझाक, किर्गीझ, तुर्कमेन, उइघुर, तातार, अझरबैजानी, पार सायबेरियातले याकूत लोकसुद्धा त्यातच येतात. आणि या सगळ्यांकडे लोखंडाला थोड्याफार फरकाने हाच शब्द आहे: तुर्कस्तानात देमिर, कझाक-किर्गीझमध्ये तेमिर, तातारमध्ये तिमेर, याकूतमध्ये तिमिर. मंगोल भाषा वेगळ्या कुळातली, तरी तिथेही लोखंड म्हणजे तोमोर. उझबेक लोक धातूला तेमिर म्हणतात आणि नाव मात्र तेमुर असं ठेवतात.

मुलाचं नाव लोखंड? असं का ठेवायचे?

याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही मला फार आवडतात.

पहिलं म्हणजे लोखंड हा या लोकांच्या इतिहासाचाच भाग आहे. सहाव्या शतकात अल्ताई डोंगरांमध्ये राहणारे तुर्क हे रौरान नावाच्या बलाढ्य लोकांचे मांडलिक होते आणि त्यांच्यासाठी लोहारकाम करायचे. त्यांचा नायक बुमीन याने रौरान राजाकडे मुलगी मागितली तेव्हा 'तू माझा लोहार गुलाम, तुझी ही हिंमत' अशा अर्थाचा निरोप आला, असं चिनी इतिहासात नोंदवलंय. बुमीनने ५५२ मध्ये त्यांचा पराभव करून स्वतःचं राज्य उभं केलं. पुढे बायझंटाइन सम्राटाचा वकील झेमार्कस या तुर्कांच्या मुलखात पोचला तेव्हा लोक त्याच्यासमोर लोखंड विकायला घेऊन आले, अशीही नोंद आहे. म्हणजे लोखंड ही त्यांची ओळखच होती.

दुसरं कारण घरगुती आहे. गवताळ माळरानावरच्या भटक्या आयुष्यात लहान मुलं फार दगावायची, मग मूल टिकावं, त्याला रोगराई, नजर, भूतबाधा काही लागू नये म्हणून टणक वस्तूचं नाव द्यायचे. तेमिर म्हणजे लोखंड, ताश म्हणजे दगड, बोलात म्हणजे पोलाद (हा शब्द फारसीतून आलाय, आपलं पोलादही तिथूनच), कधी दोन जोडून ताशतेमिर. कझाकांमध्ये तुर्सिन नाव असतं, त्याचा अर्थच 'राहू दे', 'टिकू दे'. आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचे ना, अगदी तीच भावना. गावाकडच्या कुठल्याही दगडूच्या आजीला तेमिर नावाचं कारण एका वाक्यात कळलं असतं.

हे नाव किती जुनं आहे? तैमूरलंगापासून सुरू झालं का?

नाही नाही, त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

मंगोलियातल्या ओरखोन नदीकाठी आठव्या शतकातले शिलालेख आहेत (कुल तेगिनचा ७३२ चा, बिल्गे कागानचा ७३५ चा), त्यात 'तेमिर कापिग' असं ठिकाण येतं, म्हणजे लोखंडी दरवाजा. ही समरकंद आणि बल्खच्या मधली एक अरुंद खिंड. गंमत म्हणजे त्याच्या शंभरेक वर्षं आधी ह्युएन त्संग याच खिंडीतून भारताकडे आला होता, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि दारांना टांगलेल्या लोखंडी घंटा असं वर्णन त्याने केलंय, आणि हाच ह्युएन त्संग पुढे दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांबद्दल लिहून गेला.

मग अकराव्या शतकात महमूद काशगरी याने बगदादमध्ये तुर्की बोलींचा मोठा अरबी कोश तयार केला. त्यात तेमुर शब्द देताना त्याने एक म्हण दिलीये, 'कोक तेमुर केरू तुरमास', निळं लोखंड गप्प पडून राहत नाही, म्हणजे धार लागली की ते कापणारच. आणि लगेच एक रिवाजही सांगितलाय तो असा की किर्गीझ, किपचाक वगैरे लोक शपथ घेताना किंवा करार करताना तलवार आडवी समोर ठेवायचे आणि म्हणायचे, 'हे निळं आत जावो, लाल बाहेर येवो'. मी शब्द मोडला तर हेच लोखंड माझ्या रक्ताने माखू दे, असा त्याचा अर्थ. लोखंडाला ते इतकं मानायचे. ही ओळ वाचली की या नावामागचं वजन लक्षात येतं.

माणसाचं नाव म्हणूनही आधीपासून होतंच. १२२० मध्ये चंगेजखानाचं सैन्य सिरदर्या नदीवरच्या खुजंद शहरावर आलं तेव्हा शहराचा बचाव करणाऱ्या सरदाराचं नाव तेमुर मलिक. नदीतल्या बेटावरच्या किल्ल्यातून तो मोजक्या माणसांनिशी लढला आणि शेवटी होड्यांतून निसटला. ताजिकिस्तानात आजही तो मोठा वीर मानला जातो. म्हणजे मंगोल आक्रमणाला टक्कर देणारा एक तैमूर होता आणि ते तैमूरलंगाच्या जन्माआधी शंभरपेक्षा जास्त वर्षं.

चंगेजखानाच्या नावाशी काही संबंध आहे का?

आहे. चंगेजखान ही पदवी, त्याचं जन्माचं नाव तेमुजिन, आणि त्यात हाच तेमुर आहे, अर्थ साधारण 'लोखंडाचा' किंवा 'लोहार'. त्याच्या बापाने त्याच सुमारास एका तातार नायकाला पकडून आणलं होतं, त्याचं नाव तेमुजिन उगे, त्यावरून मुलाचं नाव ठेवलं असं मंगोलांचा जुना इतिहास सांगतो. धाकटा भाऊ तेमुगे, बहीण तेमुलेन. सगळ्या घरात लोखंडच लोखंड!

पुढे चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्यात तर हे नाव सारखं सारखं येतं. कुबलाईखानाचा नातू आणि वारस तेमुर खान, आणि चीनमधला शेवटचा मंगोल सम्राट तोगोन तेमुर, तोगोन म्हणजे भांडं, कढई, म्हणजे नाव झालं लोखंडी कढई. आपल्याला ऐकायला वेगळं वाटतं पण स्टेपवर, म्हणजे मध्य आशियातल्या त्या गवताळ माळरानावर, लोखंडी कढई ही घरातली महत्त्वाची आणि किमती चीज होती.

तैमूरलंग म्हणजे नक्की कोण, आणि 'लंग' का?

१३३६ मध्ये आजच्या उझबेकिस्तानातल्या शहरिसब्ज (तेव्हाचं केश) शहराजवळ, बरलास नावाच्या टोळीत जन्मलेला तैमूर. बरलास मुळात मंगोल, पण तोपर्यंत भाषेने तुर्क आणि धर्माने मुसलमान झालेले, म्हणून तो मंगोल का तुर्क या वादात दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत. १३७० पासून समरकंदला राजधानी, मग इराण, इराक, कॉकेशस, व्होल्गाकाठ, दिल्ली, सिरिया अशा एकामागून एक मोहिमा, आणि १४०५ च्या फेब्रुवारीत चीनवर निघालेला असताना ओत्रार इथे मृत्यू.

'लंग' म्हणजे फारसीत लंगडा. तरुणपणी लढाईत उजव्या पायाला आणि उजव्या हाताला जखमा झाल्या, त्या कायमच्या राहिल्या. त्याचा कट्टर विरोधक इब्न अरबशाह लिहितो की मेंढ्या चोरताना बाण लागला, दरबारी लेखक म्हणतात रणात लागला. ते काही असलं तरी लंगडेपणा खरा होता, १९४१ मध्ये समरकंदची कबर उघडून सोविएत शास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांनी सांगाडा तपासला तेव्हा उजव्या गुडघ्याची हाडं एकमेकांना जुळून गेलेली दिसली. 'तैमूर-इ-लंग' हे त्याच्या शत्रूंच्या तोंडचं नाव, तेच युरोपात जाऊन टॅमरलेन झालं आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत तैमूरलंग. उझबेकिस्तानात कुणासमोर तैमूरलंग म्हणू नका, तिथे 'अमीर तेमुर' म्हणतात.

अमीरच का, तैमूरखान का नाही?

कारण खान ही पदवी चंगेजच्या रक्तातल्यांनीच लावायची असा स्टेपचा कडक नियम होता. तैमूरने नावापुरते चंगेजवंशी खान गादीवर बसवले आणि स्वतः अमीर राहिला. चंगेजवंशातली राजकन्या सराय मुल्क खानुम हिच्याशी लग्न केलं आणि 'गुरकान', म्हणजे जावई, ही पदवी मिरवली. त्याचा वंशज बाबर. म्हणूनच आपण ज्यांना मुघल म्हणतो ते स्वतःला गुरकानी म्हणवायचे. शाहजहानने तर 'साहिब-इ-किरान-इ-सानी', दुसरा साहिब-इ-किरान (शुभ ग्रहयोगाचा धनी), अशी पदवी घेतली होती, पहिला अर्थातच तैमूर.

दिल्लीत त्याने नेमकं काय केलं? इतका राग का आहे?

हा प्रश्न टाळून या नावाबद्दल बोलता येत नाही, म्हणून नीट लिहिते.

फिरोजशहा तुघलक १३८८ मध्ये वारला आणि मग दिल्लीच्या गादीसाठी दहा वर्षं नुसती मारामारी चालू होती. ही कमजोरी हेरून तैमूर १३९८ च्या सप्टेंबरात सिंधू ओलांडून आला. वाटेत तुलंबा, भटनेर लुटलं. दिल्लीजवळ लोनीला तळ पडला तेव्हा छावणीत प्रचंड संख्येने कैदी होते, लढाईच्या वेळी ते उठाव करतील या भीतीने त्या सगळ्यांना मारायचा हुकूम निघाला. त्याच्याच घराण्याचे दरबारी इतिहासकार हा आकडा १ लाख देतात. तेव्हाचे आकडे फुगवलेले असतात हे मान्य, पण हे शत्रूने लावलेले आरोप नाहीत, त्याच्याच लोकांनी अभिमानाने लिहून ठेवलंय, हे लक्षात घ्या.

१७ डिसेंबर १३९८ ला सुलतान महमूदशहा तुघलक आणि त्याचा वजीर मल्लू इक्बाल यांचा पराभव झाला. शहराने खंडणी द्यायचं कबूल केलं होतं, पण वसुलीवरून चकमक उडाली आणि मग कित्येक दिवस कत्तल, लूट आणि गुलाम पकडणं. हिंदू मारले गेले, मुसलमानही मारले गेले. पाथरवट, कारागीर वेगळे काढून समरकंदला नेले. तिथल्या बिबी खानुम मशिदीच्या बांधकामावर भारतातून नेलेले ९५ हत्ती दगड ओढत होते असं दरबारी इतिहासात आहे, आणि स्पेनच्या कास्तिय राज्याचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये समरकंदला गेला तेव्हा त्याने ते हत्ती स्वतः बघितले, त्यांना रंगवलं होतं असं तो लिहितो. दिल्लीतल्या कुणा पाथरवटाची पोरंबाळं इथे राहिली असतील आणि तो हजारो मैलांवर त्या हत्तींनी ओढलेला दगड घडवत बसला असेल, याचा विचार केला की समरकंदच्या निळ्या घुमटांचे फोटो बघताना माझं मन कधीच पूर्ण खूश होत नाही.

दिल्ली त्या घावातून सावरायला फार काळ गेला. तेव्हा भारतात हे नाव ऐकून लोकांना त्रास होतो, तो उगाच नाहीये.

तैमूर महाराष्ट्रात आला होता का?

नाही. दिल्लीहून मेरठ, हरिद्वार, जम्मू करत परत गेला. दख्खनवर तेव्हा बहमनी राज्य होतं, तिथपर्यंत तो आलाच नाही.

पण त्याच्या स्वारीचे धक्के इथे पोचले. सूफी संत गेसूदराज, ज्यांना आपल्याकडे सोलापूर-गुलबर्गा पट्ट्यात बंदेनवाज म्हणून ओळखतात, ते याच स्वारीमुळे दिल्ली सोडून निघाले. आधी दौलताबादला आले, तिथे जवळच खुलताबादला त्यांच्या वडिलांची कबर आहे, आणि मग गुलबर्ग्याला स्थायिक झाले. आजही त्यांच्या उरुसाला मराठी भाविक भरपूर जातात.

मराठ्यांच्या इतिहासात हे नाव कुठे येतं का?

येतं की, आणि एकदम मोठ्या ठिकाणी! अहमदशहा अब्दालीच्या मुलाचं नाव तैमूरशहा. अब्दालीने १७५७ मध्ये त्याला पंजाबचा सुभेदार करून लाहोरला बसवलं, पोरवयाचाच होता, कारभार बघायला सोबत सरदार जहानखान. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरला पोचल्या तेव्हा या तैमूरशहाला शहर सोडून पळावं लागलं. 'अटकेपार झेंडे' आपण ज्याला म्हणतो ती हीच मोहीम, म्हणजे त्या वाक्प्रचाराच्या पलीकडच्या बाजूला एक तैमूर उभा आहे. हा तैमूरशहा पुढे १७७२ ते १७९३ अफगाणिस्तानचा राजा होता आणि त्यानेच राजधानी कंदहारहून काबूलला हलवली.

दुसरं म्हणजे तैमूरच्या घराण्याचं शेवटी काय झालं ते. १७८४ मध्ये बादशहा शाहआलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी, केलं आणि पेशव्यांच्या वतीने कारभार महादजी शिंद्यांच्या हातात आला. १८०३ मध्ये इंग्रज दिल्लीत येईपर्यंत तैमूरचे वंशज मराठ्यांच्या छत्राखाली होते. कवी भूषणाच्या छंदांमध्ये औरंगजेबाला 'चकत्ता' म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल, तो शब्द चगताईवरून आलाय, म्हणजे चंगेजचा मुलगा चगताई, ज्याच्या मुलखात तैमूर वाढला.

उझबेकिस्तानात तो हिरो कसा काय?

सोविएत काळात नव्हता. शाळेत तो जुलमी सरंजामदार म्हणूनच शिकवला जायचा. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि नव्या देशाला स्वतःचा म्हणता येईल असा मोठा पूर्वज हवा होता, मग सरकारनेच त्याला पुढे आणलं. ताश्कंदच्या मधोमध जो चौक आहे तिथे आधी रशियन गव्हर्नर काउफमानचा पुतळा होता, नंतर स्टालिनचा, नंतर कार्ल मार्क्सचा, आणि १९९३ पासून घोड्यावर बसलेला अमीर तेमुर. चौथऱ्यावर लिहिलंय, 'ताकद न्यायात आहे'. समरकंदला बसलेला पुतळा, शहरिसब्जला उभा, आणि १९९६ मध्ये ६६० वी जयंती मोठी साजरी करून ताश्कंदला खास म्युझियम उघडलं.

तिथल्या सामान्य माणसाला तैमूर म्हटल्यावर कत्तल आठवत नाही, त्याला समरकंदचा रेगिस्तान चौक आठवतो, तैमूरचा नातू उलुगबेग आठवतो ज्याने समरकंदला वेधशाळा बांधली आणि १,०१८ ताऱ्यांची यादी केली. आपल्याला हे पटो न पटो, पण तिथे बाळाचं नाव तेमुर ठेवणारी आई दिल्लीच्या विरोधात काही करत नसते, तिच्या डोक्यात दिल्ली नसतेच.

रशियात हे नाव इतकं कॉमन का आहे?

ही मला सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. १९४० मध्ये अर्कादी गैदार या सोविएत लेखकाने 'तिमूर आणि त्याची टोळी' नावाची मुलांसाठी कादंबरी लिहिली. त्यातला तिमूर हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आपल्या मित्रांना गोळा करून गावातल्या ज्या घरांतली माणसं सैन्यात गेलीत त्या घरांना गुपचूप मदत करतो, पाणी भरून ठेवतो, लाकडं रचून ठेवतो, हरवलेली बकरी शोधून आणतो, आणि कुणाला कळू देत नाही. गैदारने हे नाव आपल्या स्वतःच्या मुलावरून दिलं होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध रशियात पोचलं आणि देशभर मुलांच्या खरोखरच्या टोळ्या तयार झाल्या, सैनिकांच्या घरी आणि म्हाताऱ्या माणसांकडे कामं करून द्यायच्या, त्यांना 'तिमूरवाले' म्हणायचे. लेखक स्वतः १९४१ मध्ये युद्धात मारला गेला.

तर रशियन बोलणाऱ्या कित्येक आजी-आजोबांसाठी तिमूर म्हणजे दुसऱ्याच्या दारात गुपचूप लाकडं रचून जाणारा पोरगा. बायदवे, लेखकाचा नातू येगोर गैदार १९९२ मध्ये रशियाचा कार्यवाहू पंतप्रधान होता, त्याचा बाप म्हणजेच तो खरा तिमूर.

आज रशियात तातार, बश्कीर, कॉकेशसमधल्या घरांमध्ये हे नाव जास्त दिसतं, पण रशियन घरांतही कुणाला परकं वाटत नाही. कझाकस्तानात आणि कॉकेशसमध्ये तर तेमिरलान, तामेरलान अशी पूर्ण रूपंही ठेवतात, म्हणजे तो 'लंग' नावातच विरघळून गेला आणि कुणाला खटकतही नाही.

तुर्कस्तानात काय परिस्थिती?

तिथे जरा गुंता आहे. तैमूरने १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत उस्मानी सुलतान बायझीदला हरवून कैद केलं होतं, त्यामुळे तिथे त्याच्याबद्दल प्रेम कमीच. मुल्ला नसरुद्दीनच्या बऱ्याच गोष्टींमध्ये तो गावाला छळणारा राजा म्हणून येतो. एक गोष्ट अशी सांगतात की हमामखान्यात तैमूर मुल्लाला विचारतो, मी गुलाम असतो तर माझी किंमत किती आली असती? मुल्ला म्हणतो, पन्नास. तैमूर चिडतो, अरे माझा हा कमरेचा पंचाच पन्नासचा आहे! मुल्ला म्हणतो, हो, तो धरूनच सांगितली.

तरी तिमूर नाव तिथे चालतं, आणि देमिर तर सर्रास, मुलाचं नाव म्हणूनही आणि आडनावात तर विचारूच नका: ओझदेमिर, आयदेमिर, देमिरजान. माजी राष्ट्राध्यक्ष सुलेमान देमिरेल यांच्या आडनावाचा अर्थ लोखंडी हात.

अरब देशांत पण आहे का?

हो, तुर्क सरदार-अधिकाऱ्यांबरोबर तिकडे गेलं. इजिप्तमध्ये तैमूर हे नामवंत साहित्यिक घराणं, कवयित्री आयशा तैमूर आणि कथाकार महमूद तैमूर त्यातलेच. ओमानचे सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९१३ ते १९३२ राज्य केलं, मग स्वतःहून मुलाच्या हाती गादी दिली आणि त्यांचं निधन १९६५ मध्ये आपल्या मुंबईत झालं. २०२० मध्ये वारलेले सुलतान काबूस हे त्यांचे नातू.

मुंबईत २०१६ मध्ये या नावावरून एवढा गोंधळ झाला तो योग्य होता का?

डिसेंबर २०१६ मध्ये सैफ अली खान आणि करीना कपूर यांनी मुलाचं नाव तैमूर ठेवलं आणि सोशल मीडिया पेटला. माझं मत स्पष्ट आहे. दिल्लीची आठवण येणं, नावाबद्दल नाराज होणं हे समजू शकतं, ते बोलून दाखवायचा हक्कही आहे. पण काही तासांच्या बाळाला लोकांनी जे शाप दिले, मरणाच्या गोष्टी केल्या, ते अत्यंत वाईट होतं आणि त्याला इतिहासाचं प्रेम म्हणू नये. आईबापांनी अर्थ बघून नाव ठेवलं असं सांगितलं होतं, आणि भारत-पाकिस्तानातल्या मुसलमान घरांमध्ये तैमूर नाव काही तेव्हा पहिल्यांदा आलं नव्हतं.

आणि एक बघा, सिकंदर हे नाव आपण किती सहज घेतो, सिनेमात, म्हणींमध्ये. पण पारशांच्या जुन्या पहलवी ग्रंथांत सिकंदराला 'शापित' म्हटलंय कारण त्याने त्यांची राजधानी जाळली, धर्मग्रंथ नष्ट केले असं ते मानतात. ज्याच्या घरावर वरवंटा फिरला त्याला नाव वेगळं ऐकू येतं.

हे कुराणातलं नाव आहे का?

नाही. एक गोष्ट फिरते की बाळाला घेऊन आईबाप एका शेखकडे गेले, तो तेव्हा कुराणातला ६७ वा सूरा (अध्याय) वाचत होता, त्यात 'तमूर' म्हणजे थरथरेल, हादरेल असा अरबी शब्द आला आणि त्यावरून नाव पडलं. ही गोष्ट तैमूरच्या तथाकथित आत्मचरित्रात आहे, जे शाहजहानच्या दरबारात, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी प्रकट झालं आणि अभ्यासक ते बनावट मानतात. शब्द तुर्कीच आहे. मुसलमान घरांत चालतं, पण धार्मिक नाव नाही.

तिमोर देश, नेपाळचा टिमुर मसाला, आपला तिमिर, यांच्याशी संबंध?

कशाशीच नाही. तिमोर बेटाचं नाव मलय भाषेतल्या 'तिमुर' म्हणजे पूर्व यावरून. तिमिर म्हणजे अंधार, तो संस्कृत. नेपाळी टिमुर हा आपल्या कोकणातल्या तिरफळाचा चुलतभाऊ, माशाच्या आमटीत घालतो ना त्याच जातकुळीतला. जॉर्जियातलं तैमुराझ हे नाव पण वेगळं, ते इराणी पुराणातल्या तहमुरस राजावरून आलंय. मात्र जॉर्जियातलं नुसतं तेमुर हे आपलंच, फुटबॉलवाले तेमुर केत्सबाया आठवत असतील काहींना.

कबर उघडली म्हणून हिटलरने हल्ला केला, हे खरं का?

व्हॉट्सअपवर दरवर्षी येतं हे. कबर जून १९४१ मध्ये उघडली आणि २२ जूनला जर्मनीने रशियावर हल्ला केला, इथपर्यंत खरं. पण हिटलरने त्या हल्ल्याचा लेखी आदेश १८ डिसेंबर १९४० लाच काढला होता, सैन्य महिनोन्महिने जमत होतं. शापाचा सांगितला जाणारा मजकूर कबरीवर नाही.

या नावाचे आजचे प्रसिद्ध लोक कोण?

बुद्धिबळ बघणाऱ्यांना अझरबैजानचा तैमूर रजाबोव माहीत असेलच, १५ वर्षांचा असताना २००३ मध्ये स्पेनमधल्या लिनारेस स्पर्धेत कास्पारोवला हरवलं आणि २०१९ मध्ये वर्ल्ड कप जिंकला. दुसरा ताश्कंदचा तिमूर गारेयेव, २०१६ मध्ये लास वेगासला डोळ्यांवर पट्टी बांधून एकाच वेळी ४८ जणांशी खेळला, त्यातले ३५ डाव जिंकला. सिनेमात कझाकस्तानचा दिग्दर्शक तिमूर बेकमाम्बेतोव.

मुलाचं नाव ठेवायचं असेल तर काय बघावं?

कुठे राहणार ते बघा. ताश्कंद, अल्माती, कझान, बाकू, लाहोर इथे कुणी भुवई उंचावणार नाही. भारतात मात्र शाळेपासून ऑफिसपर्यंत मुलाला प्रश्न विचारले जाणार, त्याची उत्तरं त्यालाच द्यावी लागणार, म्हणून त्याला दिल्लीपण सांगा आणि लोहारांची, गैदारच्या तिमूरचीही गोष्ट सांगा. लोखंड हा अर्थच हवा असेल आणि इतिहासाचं ओझं नको असेल तर देमिर किंवा तेमिर आहेच, शब्द तोच.

मराठीत कसं लिहायचं, तैमूर, तिमूर का तेमुर?

अरबी-फारसी लिपीत एकाच स्पेलिंगमधून ऐ, ए, ई असे तिन्ही उच्चार निघू शकतात, म्हणून हा घोळ. उर्दूतून आलेला तैमूर आपल्याकडे रुळलाय, ऐतिहासिक व्यक्ती आणि भारत-पाकिस्तानातली माणसं यांच्यासाठी तोच लिहावा. रशियन माणूस असेल तर तिमूर, आणि त्यात जोर शेवटच्या 'मूर'वर येतो. उझबेक असेल तर तेमुर, कझाक असेल तर तेमिर. समोरचा माणूस स्वतः जसं म्हणतो तसं लिहा, आणि पासपोर्ट, व्हिसा, शाळेचा दाखला सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा, नाहीतर नंतर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.